कढीपत्त्याखालची ऊब

पामर्स्टन नॉर्थ,
२७ एप्रिल २०२५

ती. शकुअक्कास,
साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी रागावून घे, मग पुढचं वाच. पाडव्याला आलेलं तुझं पत्र तेव्हापासून माझ्या उशाशी आहे. रोज लिहायला बसायचो आणि रोज एखादी नवी काळजी निघायची. ही मिटली की लिहू म्हणायचो, तोवर दुसरी हजर. शेवटी आज काळज्यांसकट बसलो आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीनं बरंच आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि समीर मागून “बाबा, हळू, शेजारी पोलिसांना बोलावतील” म्हणतो. पत्राचा फोटो काढून तुझ्या नातीला, सानिकाला पाठवायचं काम माझी नात ऋग्वेदा करते. तिला मराठी समजतं, पण वाचता येत नाही, त्यामुळे मला मनातलं मोकळेपणानं लिहिता येतं. सानिकाला सांग, मोठं करून छापून दे म्हणावं. तिचे डोळे चांगले आहेत म्हणून सगळ्यांचे असतात असं नाही.

आता मुख्य काळजी. इथं थंडी पडायला लागली आहे. घरं लाकडाची आणि अंगानं पातळ. सकाळी काचांना आतून पाणी सुटतं. ते टॉवेलनं पुसायचं काम माझ्याकडे आहे. माणसं मात्र अर्ध्या चड्डीत आणि जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या रबरी सपाता, हिंडत असतात. मला त्यांच्याकडे बघूनच शिंका येतात.

यावर आपल्या कल्याणीनं एक उपाय काढला आहे. सून इंजिनीअर आहे हे मी सगळ्यांना सांगायचो, पण ती करते काय, ते मला आता कळलं. गल्लीच्या तोंडाशी मोठं सुपरमार्केट आहे. तिथं दुधाची, मासळीची, मटणाची, आईस्क्रीमची कपाटं रात्रंदिवस गार ठेवतात. तुझ्या फ्रिजच्या मागे हात लावून बघ, गरम लागेल. तसंच तिथंही, फक्त तिथली गरमी इतकी, की आजवर मोठमोठे पंखे लावून ती आभाळात सोडून देत होते. कल्याणीच्या कंपनीनं ती धरून पाण्यात घातली आणि ते पाणी जमिनीखालच्या नळातून घराघरांत फिरवलं. खोलीत भिंतीला पत्र्याचा चपटा डबा असतो, त्याला रेडिएटर म्हणतात. पाणी त्यातून फिरतं, ऊब देतं आणि परत तापायला जातं. नळ आमच्या परसातून कुंपणाच्या कडेनं जातो, पुढं आणखी काही घरं, आणि शेवटी काउन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली बसकी घरं. हा एक हिवाळा करून बघायचं. ऑगस्टअखेर काउन्सिलची समिती ठरवणार, चालू ठेवायचं की बंद करायचं.

मी कल्याणीला विचारलं, “अगं, थंडीत लोकांनी आईस्क्रीम खाणंच सोडलं तर?”

“तर मी रोज दोन खाईन, बाबा.”

“आणि नळ फुटला तर? आम्ही झोपेत उकडून निघायचो.”

“ते पाणी चहाइतकंही गरम नसतं.”

“चहानं काय कमी भाजतं?”

यावर ती गाडीची किल्ली शोधायला गेली. मी काही विचारलं की तिची किल्ली हरवते.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. नळ घालायला आलेल्या माणसांनी माझी कढीपत्त्याची दोन रोपं बुटांखाली घालवली. ऑकलंडचा माझा मित्र रमण यानं तिथल्या पापाटोएटो भागातल्या दुकानातून शोधून आणलेली ती. तिसरं वाचलं. कल्याणीनं बजावलं होतं, चर बुजवलाय त्यावर काही लावायचं नाही. पण अक्का, त्यांनी माती इतकी भुसभुशीत करून ठेवली होती, की मला राहवेना. लावलं. बुडाशी खताचा ढीग घातला आणि वारा लागू नये म्हणून भोवती प्लास्टिक ताणलं. त्याला लोखंडी खांब शेवटच्या घरातल्या डोरीनबाईंनी त्यांच्या शेडमधून काढून दिले. इथं त्यांना वाराटा म्हणतात, शेताच्या कुंपणाला लावतात. मी ते मोठ्या हातोड्यानं चांगले खोल ठोकले, कारण इथला वारा माणसाची टोपी शेजारच्या गावात नेऊन टाकतो. कल्याणीला वाटतं, आत नुसतं खत आहे. तसंच वाटू दे.

गुडघा दुखतो. तुझा कसा आहे?

तुझा,
गुरुनाथ

कोरेगाव, जि. सातारा,
११ मे २०२५

चि. गुरुनाथास अनेक आशीर्वाद.

रागावून झालं. सानिकानं पत्र एवढं मोठं छापून दिलं, की तुझी काळजी भिंतीवर लावता येईल.

लहानपणी तू विहिरीत डोकावून, पाणी संपलं तर काय, म्हणून रडायचास. मास्तर आजारी पडले तर परीक्षा कोण घेणार, या विचारानं तुलाच ताप भरायचा. आठवीत शाळा सोडलीस ती काळजी करायला वेळ पुरेना म्हणून, असं आई म्हणायची. पुढं कापडाच्या दुकानात लागलास, तर गिऱ्हाईक निघून गेल्यावर, त्याला कमी तर फाडलं नाही ना, म्हणून रस्त्यापर्यंत मागं जायचास. आता आईस्क्रीमची काळजी लागली आहे, म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

मला एक सांग. पंगतीत शेजारच्या पानातलं भाताचं शीत उडून तुझ्या पानात पडलं तर तू ताट बदलून मागायचास. आता मासळी-मटणाच्या कपाटांची उष्टी ऊब घेऊन देवापुढं बसतोस, ते कसं चालतं? हसतेय मी. लगेच उपास धरू नकोस.

खरं सांगू? आपण दोघं तसल्याच उबेवर वाढलो. शिरीषच्या वडिलांची चुरमुऱ्याची भट्टी आठव. त्यांच्या आणि आपल्या घरात भिंत एकच. ते पलीकडं वाळू तापवायचे, अलीकडं आपली भिंत कोमट व्हायची. आई तिला दह्याचं पातेलं टेकवून ठेवायची. थंडीत तात्यांचा दमा उसळला की त्यांचं अंथरूण तिथंच. पण आईनं ती ऊब फुकट घेतली नाही. दही लागलं की पहिली वाटी पलीकडं जायची आणि वाटी परत यायची ती गरम चुरमुऱ्यांनी भरून. रिकामं भांडं कुणी कुणाकडं परत पाठवत नव्हतं.

आणि ही डोरीनबाई कोण? खांब देते, म्हणजे स्वभावानं बरी असावी. बोलता काय तुम्ही? तुझं इंग्रजी माझ्या कानांइतकंच.

गुडघ्याला एरंडेल लाव. माझा गुडघा आता मला विचारत नाही, मी त्याला विचारत नाही.

तुझी,
अक्का

पामर्स्टन नॉर्थ,
२९ जून २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

डोरीन तुझ्याच वयाची आहे, तेव्हा मनात आलं असेल ते काढून टाक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पार दक्षिणेला डनीडनला असतो. आमचं बोलणं सरळ असतं. मी म्हणतो “कोल्ड”, ती म्हणते “हीप्स”. हीप म्हणजे ढीग, हे मला खताच्या पिशवीवरून ठाऊक होतं, म्हणून समजलं. मी तिला कोथिंबीर देतो, ती मला चार्ड नावाचा एक मोठ्या पानांचा पालक देते. एवढंच.

आधी चांगली बातमी. माझा कढीपत्ता छातीला लागला आहे! इथं थंडीत कढीपत्ता घराबाहेर जगत नाही असं रमण म्हणायचा. त्याला फोटो पाठवला, तर तो म्हणतो, गुरुनाथ, हा फोटो कोरेगावचा आहे. सकाळी सगळं गवत दवानं गोठून पांढरं झालेलं असतं, चाललं की कुरकुर वाजतं, आणि माझ्या ढिगाभोवती मात्र हिरवंगार. शेजारच्यांचं करडं मांजर आता त्यांच्याकडे राहतच नाही, रात्रंदिवस ढिगावर. हे सगळं खताचं काम. चहाचा चोथा, भाज्यांची देठं, कापलेलं गवत, थरावर थर. शिकलेल्या लोकांना हे पुस्तकात मिळत नाही. परवा पोह्यांत पानं घातली. कल्याणी म्हणाली, “काय वास आहे! कुठून आणलात?” मी म्हटलं, रमणनं पाठवला. रोप त्यानंच आणलेलं असल्यामुळे ते खोटं झालं नाही.

आता वाईट. आमच्या घरात ऊब आहे, पण शेवटच्या बसक्या घरांत पोचतच नाही. मे महिन्यात चांगली पोचत होती. डोरीनच्या रेडिएटरला हात लावला, तर कोमट. आजारी माणसाचा हात असतो तसा. तिच्या खिडक्या पाण्यानं निथळतात, पडद्याला काळी बुरशी धरली आहे. ती स्वयंपाकघरात कोट घालून बसते आणि खोकते. मुलगा म्हणतो, ऑगस्टमध्ये हे बंद होणारच आहे, तेव्हा घर सोड, डनीडनला वृद्धाश्रमात जागा बघितली आहे. लग्न होऊन ती या गल्लीत आली ती आजवर इथंच आहे. मला म्हणाली, “गुरू, तिथं मला कोण ओळखतं?” एवढं इंग्रजी मला बरोबर कळलं.

कल्याणीचं जेवणाकडे लक्ष नाही. यंत्र तपासलं, पंप बदलला, सगळं ठीक आहे, आणि वाटेत ऊब कुठं जाते ते सापडत नाही. तिच्या हाताखालचा श्याम, मुंबईचा मुलगा, गरमी दिसणारा कॅमेरा घेऊन सगळ्या नळावरून चालत आला. आमच्या परसात थांबला.

“आजोबा, इथं लाल दिसतंय.”

“दिसणारच. खत आहे. हात घालून बघ.”

त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन काढला. “बाप रे! आजोबा, स्वीट अ‍ॅज!” म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास. “माझ्या आईला रेसिपी पाठवा.”

तो प्लास्टिकच्या आत वाकून बघायला लागला, तसा मी मध्ये उभा राहिलो आणि त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो लाडू खात पुढं गेला. भला मुलगा आहे.

डोरीनसाठी काही सुचत असेल तर कळव. काढा दिला होता. तिनं तो कुंडीत ओतला, असा मला संशय आहे.

तुझा,
गुरुनाथ

कोरेगाव,
१३ जुलै २०२५

चि. गुरुनाथास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि सानिकाकडून एकदा वाचून घेतलं, माझ्या चष्म्याचा दोष नाही ना ते बघायला.

तुझ्या खताचं कौतुक आहे. मीही आयुष्यभर उकिरडा घातला आहे. आतून तापतो, मान्य. पण आठवडाभर तापतो आणि थंड होतो, आणि टोपलीभर ढिगात तर तेवढंही नाही. दोन महिने एकसारखं तापणारं आणि मांजराला आयुष्यभराचं घर देणारं खत मी पाहिलं नाही. तू काही त्यात मंत्र म्हणत नसशील.

आता मी सांगते तसं ऐक. मी न शिकलेली, तेव्हा रागावू नकोस. सुपरमार्केटातून निघालेली ऊब तुमच्या परसातून पुढं जाते. पुढं ती पोचत नाही. आणि मधे तुझ्या कढीपत्त्याच्या बुडाशी गवतसुद्धा गोठत नाही. मला तर हे भट्टीच्या भिंतीसारखं दिसतं. भिंत गरम लागायची ती आपल्या पातेल्यामुळं नव्हे.

माझं चुकत असेल. म्हणून असं कर. ढीग तिथून उचल आणि लांब नेऊन घाल. ऊब ढिगाबरोबर गेली, तर तू खरा, मी तुझी माफी मागेन आणि श्यामच्या आईआधी मलाच रेसिपी पाठव. ऊब जागच्या जागी राहिली, तर सुनेला सांग.

डोरीनबाईसाठी काय सुचवायचं म्हणतोस, तर हेच सुचवते. काढा तिनं ओतला असेल तर बाई शहाणी आहे. तुझा काढा तात्यांनीही ओतला होता.

तुझी,
अक्का

पामर्स्टन नॉर्थ,
२० जुलै २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. राग आला नाही. फक्त दोन दिवस जेवण गेलं नाही.

तू इतक्या लांबून, परस न बघता, असं म्हणावंस याचं नवल वाटलं. खताला थंडी-वारा, चोथ्याची जात, अशा पुष्कळ गोष्टी असतात. शिवाय पाऊस होता. शिवाय कंबर धरली होती. ढीग हलवायचा म्हणजे सोपं नाही.

समीरची हॉस्पिटलात रात्रपाळी चालू आहे. तो औषधांच्या विभागात असल्यामुळे घरात कुणी शिंकलं की गोळ्या आणतो. ऋग्वेदाला शाळेत पोहण्याचा बिल्ला मिळाला. इथं पोहण्याच्या कपड्यांना टॉग्ज म्हणतात. ते ती घरभर वाळत घालते.

कल्याणी बारीक झाली आहे. काल समीरला म्हणाली, “चूक माझ्याच हिशेबात असणार. मी त्या म्हाताऱ्यांना उगाच आशा लावली.” मी खिडकी पुसत होतो. पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिलो.

ढीग मी गुरुवारी हलवला. सगळा उचलून लिंबाखाली नेऊन घातला.

अक्का, मांजर ढिगाबरोबर गेलं नाही.

उघड्या मातीवर गोल होऊन झोपलं. लिंबाखालचा ढीग दुसऱ्या दिवशी वरून पांढरा झाला होता. आणि मातीत हात घातला तर वाफ निघाली. एका खांबाच्या बुडाशी तर हात ठेववेना. मी तो खांब किती जोरात ठोकला होता, ते आता आठवतं. मध्ये काहीतरी लागलं होतं. दगड असेल म्हणून मी आणखी दोन हाणले होते.

आता काय करू? सांगितलं तर लोक म्हणतील, हिच्या सासऱ्यानंच नळ फोडला आणि हिच्याच माणसाला लाडू देऊन वाटेला लावलं. तिची नोकरी गेली तर? समीर मला परत पाठवेल. नाही पाठवलं तर ते आणखी वाईट. गुपचूप खांब काढून टाकला तर आपोआप नीट होईल का? तू काय म्हणतेस ते लवकर कळव. ऋग्वेदाला सांगितलंय, उत्तर आलं की शाळेतून आल्या आल्या आधी मला दाखव.

तुझा,
गुरुनाथ

कोरेगाव,
२१ जुलै २०२५

चि. गुरुनाथ,

आपोआप काही नीट होत नाही. तुझा गुडघा झाला का?

ती पोरगी स्वतःच्या हिशेबात चूक शोधतेय आणि चूक तुझ्या प्लास्टिकखाली आहे. आजच सांग. आधी तिला चहा दे. मग तूही घे, तुला जास्त लागेल.

तुला परत पाठवलं तर इथं ये. माझ्या खोलीत दुसरी कॉट आहे. आता पुढची काळजी काय उरली?

अक्का

पामर्स्टन नॉर्थ,
७ सप्टेंबर २०२५

ती. शकुअक्कास,
साष्टांग नमस्कार.

पुन्हा उशीर झाला. पण या वेळी काळजीमुळं नाही, कामामुळं. आधी आमचं परस खणलं, मग समितीची बैठक, मग गणपती. कालच विसर्जन केलं, बादलीत. ऋग्वेदानं “बाय बाप्पा, सी यू नेक्स्ट यिअर” म्हटलं आणि तो गेला. आता सगळं क्रमानं लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कल्याणीला म्हटलं, “तुला एक दाखवायचं आहे. आधी चहा घे.”

“बाबा, उशीर होतोय.”

“घे. नंतर घेववणार नाही.”

तिला मागच्या दारानं परसात नेलं. ती प्लास्टिकच्या आत गेली, कढीपत्त्याकडं बघितलं, मातीला हात लावला, खांबाला हात लावला आणि ऑफिसच्या कपड्यांत तशीच ओल्या गवतावर बसली. मांजर तिच्या मांडीवर जाऊन बसलं. त्याला कशाचं काही नाही.

“हे किती खोल ठोकलंत?”

“इथं वारा फार असतो ना...”

“बाबा. किती खोल?”

मी गुडघ्यापर्यंत हात दाखवला. ती बघतच राहिली. मग मी तो कमरेपर्यंत नेला.

तिनं श्यामला फोन लावला. “श्याम, ते कंपोस्ट. हो, लाडूवालं. फावडी घेऊन ये.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “कढीपत्ता काढावा लागेल.”

“काढ.”

“पोह्यांतला तो हाच ना? रमणकाकांनी पाठवलेला?”

तिची किल्ली हरवते, तसा माझा चष्मा हरवला आणि मी तो शोधायला घरात गेलो.

खणल्यावर कळलं. नळाच्या भोवती जाड फेसाचं वेष्टण असतं आणि त्यावर काळं प्लास्टिक. माझ्या खांबानं ते फाडलं होतं. नळ फुटला नव्हता, पण पावसाचं पाणी आत शिरून तो फेस भिजला, आणि भिजता भिजता ओल दोन घरं पलीकडंपर्यंत गेली. ओली गोधडी पांघरून झोपलं तर ऊब कशी राहणार? तशी सगळी ऊब जमिनीत जात होती, आणि त्यातली सगळ्यांत जास्त माझ्या झाडाला. त्यांनी तेवढा तुकडा बदलला. संध्याकाळी डोरीनच्या रेडिएटरला हात लावायला मी स्वतः गेलो. लावला आणि काढून घेतला. चहापेक्षा कमी असेल, पण अक्का, चांगला गरम.

तिला मी सगळं सांगितलं, हातवारे करून. खांब तिचे होते हे कळल्यावर ती हसली, खोकली आणि पुन्हा हसली. “म्हणजे मीच केलं की गुरू हे!” असं इंग्रजीत म्हणाली. मी म्हटलं, अर्धं.

बैठकीला मी गेलो होतो. समीरचा टाय बांधला होता, तो गळ्याला लागत होता. कल्याणीनं उभं राहून सरळ सांगितलं, नळाचं वेष्टण एका रहिवाशाच्या हातून फाटलं, ती जागा आम्हांला दिसली होती, पण खत आहे म्हणून आम्ही खाली बघितलं नाही, ही चूक आमची. सासरा म्हणाली नाही. एका सभासदानं विचारलं, त्या रहिवाशाला वाईट वाटतंय का? कल्याणी म्हणाली, “फार. तीन वेळा माफी मागून झाली आहे आणि दर वेळी बरोबर लोणचं येतं.” सगळे हसले. तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. बुटाला नाडी नव्हती.

मग डोरीन उठली. घरात आता कोट न घालता बसते, एवढंच बोलली आणि बसली.

समितीनं दुसरा हिवाळाही मंजूर केला, आणि पलीकडची गल्ली जोडता येते का ते बघायला सांगितलं. डोरीननं मुलाला कळवलं, वृद्धाश्रमातली जागा दुसऱ्या कुणा म्हातारीला दे. घरी येताना गाडीत मी कल्याणीला म्हटलं, “तू मला फार सांभाळून घेतलंस.” ती म्हणाली, “बाबा, पलीकडच्या गल्लीत खणायला लागू तेव्हा तुम्ही महिनाभर अक्काआत्यांकडं जाऊन या.” हसत म्हणाली असावी. अंधारात दिसलं नाही. तुझी ती दुसरी कॉट तेवढी कुणाला देऊ नकोस.

आता एक गंमत. डोरीनचा रेडिएटर बघून मला आईची भिंत आठवली. एका संध्याकाळी त्याला दह्याचं पातेलं टेकवून, वर तिची शाल गुंडाळून आलो. सकाळी सुरीनं कापावं असं दही! मग पहिली वाटी कुणाला, हा प्रश्न आला. आईची रीत तू लिहिलीसच होतीस. ज्याची भट्टी त्याला पहिली वाटी. म्हणून मी ती झाकून सुपरमार्केटात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, दही खराब निघालं म्हणून परत करायला आलोय. ती माझ्याकडं बिल मागायला लागली. मी म्हणतोय “थँक यू, फॉर हीट”, ती म्हणतेय “सॉरी अबाउट दॅट”. शेवटी मॅनेजर आला. त्यानं कल्याणीला फोन केला, ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि वाटी दोन्ही हातांनी घेतली.

दोन दिवसांनी वाटी घरी आली. त्यांना आपली रीत कुणी सांगितली, कल्याणीनं की आणखी कुणी, ते माहीत नाही, पण वाटी रिकामी नव्हती. आईस्क्रीमनं काठोकाठ भरली होती. इतक्या थंडीत मला बाधलं असतं, पण ती कपाटं चालू राहायला हवीत म्हणून मी सगळं खाल्लं.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. कढीपत्ता काढताना श्यामनं मुळाशी मातीचा मोठा गड्डा ठेवला होता. तो कुंडीत लावून डोरीनच्या खोलीत, खिडकीत, रेडिएटरजवळ ठेवला आहे. तिनं स्वतःच मागून घेतला. पण त्यानं सगळी पानं टाकली आहेत. नुसती काठी उभी आहे. ती बघायला मला रोज जावं लागतं, तेव्हा यावर तू काही लिहू नकोस. डोरीन रोज विचारते, “एनी न्यूज, गुरू?” आणि मी रोज वाकून बघतो. काल एका डोळ्यापाशी हिरवं टोक दिसल्यासारखं वाटलं. ती म्हणते, आहे. मी म्हणतो, माझा चष्मा पुसलेला नव्हता.

आई कढीपत्त्याच्या मुळाशी आंबट ताक घालायची, एवढं मला आठवतं. पण किती, पातळ की घट्ट, दर आठवड्याला की आधी फुटवा येऊ द्यायचा आणि मग, हे काही आठवत नाही. डोरीननं ताक करून ठेवलं आहे, तिचं ते फार घट्ट होतं. मी तिला थांबवून धरलं आहे, अक्काचं पत्र येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून. ती तशी ऐकणारी बाई नाही. तेव्हा हे पत्र वाचून झाल्याबरोबर सानिकाला शेजारी बसव आणि चार ओळी का होईना, आजच कळव.

तुझा,
गुरुनाथ